बुडालं, बुडालं!

जपूनराव घोटाभर पाण्यात उभे होते आणि त्यांच्या अंगात लाईफ जॅकेट होतं, सगळे पट्टे आवळलेलं. खरं नाव वेगळंच, पण कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून शिडी चढणाऱ्यापासून चहा ओतणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ते "जपून!" म्हणत, तेच नाव चिकटलं. या चिमुकल्या बेटावर सुट्टीला येतानाही त्यांनी दोरी, शिट्टी आणि मलमांची अख्खी पेटी आणली होती. नारळाखाली बसायला तर बायकोला बंदीच होती.

"डोक्यात पडला म्हणजे?"

"पाणी पिईन," म्हणत ती हवेची पिवळी रिंग घेऊन समुद्रात शिरली.

"गुडघ्याच्या पुढे जाऊ नकोस!"

"बरं हो, बरं!"

थोड्या वेळाने एक लाट पायाशी खळखळली आणि जपूनरावांना एकदम घर आठवलं. निघताना स्वयंपाकघरातला नळ त्यांनी फिरवला होता. पाणी नव्हतं. तेवढ्यात टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला आणि नळ तसाच उघडा राहिला! खालच्या शेजाऱ्यांनी तर नुकतंच छत रंगवलेलं.

"बुडालं!" ते किंचाळले. "अरे देवा, सगळं बुडालं!"

जीवरक्षकाने मचाणावरून उडीच टाकली. "कोण बुडालं?"

"घर!"

लाटांच्या आवाजात त्याला 'घरचं' ऐकू आलं. त्याने जोरात शिट्टी फुंकली. "सगळे बाहेर या! आपापली माणसं बघा!"

ज्याची त्याची माणसं गोळा झाली. जपूनराव एकटेच उरले.

"काका, तुमचं माणूस?"

त्यांनी वळून पाहिलं. गुडघाभर पाण्यात ती नव्हती, गळाभर पाण्यातही नव्हती. पार लांब लिंबाएवढं काहीतरी पिवळं हलत होतं. घर, नळ, शेजाऱ्यांचं छत, सगळं डोक्यातून गेलं. ते तसेच पाण्यात धावले आणि कमरेएवढ्या पाण्यात तोंडावर आपटले. दोघांनी धरून त्यांना बाहेर काढलं. तोवर जीवरक्षक फळीवर पोटावर पडून हात मारत रिंगेपर्यंत पोचला होता.

"डोळा लागला हो जरा," किनाऱ्यावर येताच ती थरथरत म्हणाली. "उघडून बघते तर किनाराच गायब!"

जपूनरावांनी चारचौघांत तिचा हात घट्ट धरला आणि ते ढसाढसा रडले.

"ओहोटीला ओढ फार होती, काका," जीवरक्षक म्हणाला. "तुम्ही वेळेवर बघितलंत म्हणून वाचल्या."

तो गेल्यावर जपूनराव हळूच म्हणाले, "अगं, मी तुला बघितलंच नव्हतं. घरचा नळ उघडा राहिलाय, म्हणून ओरडलो."

ती हसत सुटली. "तो होय! मी केला की बंद निघताना. तुमच्यामागून नळ, गॅस, दिवे बघायची सवयच आहे मला."

"मग आधी सांगायचं नाही का?" ते खेकसले. मग त्यांची नजर समुद्राकडे गेली. "नाही... नाही सांगितलंस तेच बरं केलंस."

त्यांनी आपलं जॅकेट काढून तिच्या अंगात घातलं, पट्टे आवळले आणि तिला जवळच्या सावलीत नेऊन बसवलं. सावली नारळाची होती. वर बघायला ते साफ विसरले.