सातवा टाक

"वैजे, माझं पदक कुठंय गं?"

नानांची हाक आली आणि वैजूची वेणी अर्धीच राहिली. अडीच वाजले होते. चार वाजता तिच्याच शाळेत नानांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, सत्कार होता. अभिमन पाटील, शाळेचे माजी विद्यार्थी, नौदलाच्या गोदीत तीस वर्षं जहाजांची इंजिनं दुरुस्त करून नुकतेच जळगावला परतलेले. जहाजं बांधणाऱ्या एका जुन्या इंजिनिअरच्या शताब्दीनिमित्त पाडलेलं ते पदक गोदीने त्यांना निरोपाला दिलेलं. एका बाजूला त्याचा दाढीवाला चेहरा, दुसऱ्या बाजूला आगबोट. मुख्याध्यापक ते नानांच्या छातीवर लावणार आणि भाषण ठोकणार वैजू, नववी ब!

"देवघरात आहे, नाना!" ती म्हणाली आणि तिने जीभ चावली. देवघर सकाळी तिनेच रिकामं केलं होतं.

पदक घरी आलं तेव्हा तानुआत्याने ते आधी देवापुढे ठेवायला लावलं. आत्या शिंदखेड्याची, सोवळ्याची कडक. "ती फीत काढ व. देवघरमा चालस नही!" फीत निघाली, रोज हळदीकुंकू चढलं आणि आठ दिवसांत पदक देव ठसवलेल्या गोल टाकांच्या ओळीत असं मिसळलं की इंजिनिअर कोण आणि खंडेराव कोण! त्यात कानबाईचा सण चार दिवसांवर आलेला. झिजलेले चांदीचे टाक आटवून नवे करायचे होते.

"मी जाते!" वैजू म्हणाली. अलीकडे तिला जगातलं सगळंच येत होतं. गोल दिसलं ते तिने फडक्यात बांधलं आणि छगन सोनाराला ऐटीत सांगितलं, "बठ्ठे आटवा, एकूण एक. जितके आहेत तितकेच नवे करा!"

"चकचकीत करून आणते, नाना! तुम्ही फीत घेऊन शाळेत व्हा पुढे!" असं ओरडत तिने सायकल काढली. रेल्वे फाटक बंद. मालगाडीचे डबे संपता संपेनात. एकेका डब्यागणिक वैजूच्या डोळ्यांसमोर ती दाढी वितळत होती.

"छगनकाका, टाक आटवले?"

"कधीच!"

वैजू पायरीवरच बसली. छगनने इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "बाई, बोलू नये, पण तुमच्या घरात एक देव खोटा शे."

"म्हणजे?"

"कसोटीला लावला. वर नुसता मुलामा, आत पितळ. तो मुशीत नाही टाकला."

"काका!" वैजूने त्याचे पायच धरले. "तो देव नाही, नानांचं पदक आहे!"

छगनचा चेहरा पडला. "आता गं? तू सात आणले, सातच मागितले. बाकीच्यांचे नाकडोळे झिजलेले, हाच एक साफ. याच्यावरच चांदीचा पत्रा ठोकून ठसा घेतला, सगळ्यात आधी याचाच टाक केला." त्याने पदक तिच्या हातावर ठेवलं. पण तबकात सहा देवांच्या शेजारी अस्सल चांदीचा दाढीवाला लखलखत होता.

"मोडा ना याला! सहाच द्या!"

"आणि वजन कमी भरलं तर तुझी आत्या मला मोडेल. दिवेलागणीला सातही पोचवतो."

वैजू शाळेत पोचली तेव्हा नानांचं नाव पुकारलं गेलं होतं. हातात नुसती फीत घेऊन ते मंचाच्या पायरीवर थिजले होते. मुलांच्या पायांवर पाय देत वैजूने पदक त्यांच्या मुठीत कोंबलं. ते छातीवर लागलं, टाळ्या वाजल्या. भाषणात मात्र ती आपल्या वडिलांचंच नाव विसरली.

दिवेलागणीला छगन तबक ठेवून जो सटकला तो पाणी प्यायलाही थांबला नाही. आत्या एकेक टाक उचलून कपाळाला लावत होती. सातव्यावर थांबली. "हाऊ कोन शे रे, अभिमन?"

नाना पुढे झाले. त्यांनी टाक पाहिला, मग छातीवरचं पदक पाहिलं, मग वैजूकडे पाहिलं. वैजूने जमिनीकडे पाहिलं.

"दाढी देखी का?" आत्याने स्वतःच निकाल दिला. "आपला मूळपुरुष शे हाऊ! इतला दिन झिजेल व्हता, म्हनीसन दिसे नही."

नानांनी टाकावरच्या दाढीवरून अंगठा फिरवला.

"खरं आहे, अक्का," शेवटी ते म्हणाले. "तीस वर्षं याच्याच पुण्याईवर जेवलो आपण." आणि त्यांनी टोपी सारखी करून दंडवत घातला.

"वैजे, उभी काय? पाया पड!"

वैजू पडली. इतक्या मनापासून ती कधी खंडेरावाच्याही पडली नव्हती.