पाहणीपुरती अवकळा

चष्मेवाल्यांच्या घराच्या भाडेपट्ट्याची नऊ वर्षं उरली होती. घर त्यांचं, पोटाला चिमटा काढून घेतलेलं. पण इमारत ज्या जमिनीवर उभी, ती पट्टा कार्यालयाची. पट्टा संपला की घर भिंतींसकट कार्यालयाच्या घशात. आपल्यामागे हे घर लेकीला मिळावं एवढीच त्या नवरा-बायकोची इच्छा होती, आणि एवढीशी इच्छा असणाऱ्यांवरच कार्यालयांचा विशेष डोळा असतो.

पट्टा वाढवून मिळत नसे असं नाही. फक्त त्याचं शुल्क घराच्या 'सुखावस्थे'वर ठरे. घर जितकं नीटनेटकं, तितकं शुल्क जास्त. हा नियम कोणी काय खाऊन केला, ते विचारायला कार्यालयात खिडकी नव्हती.

"काकू, तुमच्या फरशीत तोंड दिसतं," वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले. "अशा घराचं शुल्क भरायला चष्म्यांचं दुकान विकाल! पाहणीआधी जरा अवकळा आणा. आम्ही सगळ्यांनी तेच केलं."

"म्हणजे हाताने घराची वाट लावू?" काकूंचा आवाज चढला.

"पाहणीपुरती हो!"

या कामाची इमारतीत पद्धत ठरलेली होती. तडा गेलेलं बेसिन, बुरशी धरलेलं कपाट आणि ठिबकणारा नळ असा सामाईक संच जिन्याखाली ठेवलेला असे. ज्याच्याकडे पाहणी, त्याच्याकडे संच. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा खोकायला येत. मोबदला घेत नसत, फक्त कोणी मध्येच 'बरं वाटतंय का?' विचारलेलं त्यांना खपत नसे.

चष्मेवाल्यांनी बैठकीच्या भिंतीवर स्वतः ओल रंगवली. दोन्ही बाजू सारख्या आल्या पाहिजेत म्हणून अर्धा दिवस मोडला. धंद्याची सवय, जाते कुठे! काकू ते बघून स्वयंपाकघरात गेल्या आणि ढसाढसा रडल्या.

पाहणी अधिकारी आले. बेसिनकडे पाहून ओळखीचं हसले, मग खोकणाऱ्या आजोबांकडे वळले.

"हे आजोबा मागे चौथ्या मजल्यावर होते ना?"

"हवापालटाला आलेत," चष्मेवाले म्हणाले.

"इथे?" अधिकाऱ्यांनी ओलीकडे पाहिलं आणि लिहिलं, 'चौथ्या मजल्याची हवा याहून वाईट.' माणूस सचोटीचा होता. जे दाखवाल तेच लिहायचा, स्वतःच्या डोळ्यांना मध्ये पडू देत नसे.

निर्णय आला. शुल्क शून्य! डॉक्टरांनी चष्मेवाल्यांना मिठीच मारली. मग पुढची ओळ वाचली. घर राहण्यास अयोग्य असल्याने शुल्क लावता येत नाही, आणि राहण्यास अयोग्य असल्यानेच पट्टा वाढवता येत नाही. इमारतीतला हा शेवटचा अर्ज होता, म्हणून कार्यालयाने सगळे अहवाल एकत्र काढून वाचले होते. असा प्रकार त्या कार्यालयात पूर्वी कधी घडला नव्हता. वाचून साहेब हादरले आणि त्यांनी अख्खी इमारत पाडायचा हुकूम काढला.

चष्मेवाले धापा टाकत कार्यालयात गेले. "साहेब, इमारत ठणठणीत आहे. आम्ही खोटं बोललो."

"तसं लेखी द्या. खोटी माहिती देणाऱ्याचा पट्टा त्याच दिवशी रद्द होतो."

"आणि माहिती खरीच होती म्हटलं तर?"

"तर पाडतो. तुमच्या जिवाची काळजी आम्ही नाही करायची तर कोणी?" साहेबांनी त्यांच्यासाठी पाणी मागवलं.

इकडे आड, तिकडे विहीर. घरी येऊन चष्मेवाल्यांनी काकूंना सगळं सांगितलं.

"अहो, खरं सांगून टाका," काकू म्हणाल्या. "घर जायचंच आहे, तर निदान चांगलं होतं म्हणून तरी जाऊ दे."

पण सगळी इमारत त्यांच्या दारात जमली. "तुम्ही खरं बोललात की आम्ही सगळे खोटे ठरलो!" डॉक्टर ओरडले. "पडक्या घरवाल्याची लोकांना दया तरी येते. खोटारड्याची कोणाला येते?" मग एकमताने ठराव झाला की इमारत पडकी आहे. चष्मेवाल्यांनीही मान खाली घालून हात वर केला. काकू त्यांच्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत.

पाडकाम सुरू झालं आणि इमारत काही पडेना. घण उलटे येऊ लागले. "कोण म्हणालं हो पडकी?" मुकादमाने घाम पुसत विचारलं. रस्त्यापलीकडे उभ्या काकूंची मान क्षणभर ताठ झाली. मग त्यांच्या बैठकीच्या भिंतीची पाळी आली, आणि त्यांनी पदर तोंडात कोंबला.

बघ्यांतले एक सद्गृहस्थ चष्मेवाल्यांजवळ सरकले. "काय लबाड असतात हो लोक!" ते हळहळले. मग इकडेतिकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "काका, एक विचारू? उद्या आमच्याकडे पाहणी आहे. अवकळा साधारण किती ठेवली म्हणजे अंगाशी येत नाही?"

चष्मेवाल्यांनी त्यांना नीट निरखून पाहिलं. चेहरा सुशिक्षित होता, सज्जन होता, आणि असल्या गोष्टी वाचून पोटभर हसणाराही होता.