तुळशीरामभाऊंची घाटातली ट्रायल

चिखलीत तुळशीरामभाऊंच्या गॅरेजात गाडी टाकली की आधी गाडी नाही, मालक तपासला जातो. ते त्याला शेजारच्या अडत्याच्या धान्याच्या काट्यावर उभं करतात आणि वजन खडूनं भिंतीवर लिहितात. चपला काढायच्या, मोबाइलही बाहेर ठेवायचा.

"एकादशीले ट्रायल नाही घेत मी," त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. "उपासाले माणूस दुप्पट खाते. वजन फसवते."

माझी टर्बोवाली जीप चढावर दमायची. मोताळ्याच्या सासुरवाडीहून परतताना सौभाग्यवती राजूर घाटात चिडून उतरत आणि जीपच्या आधी वर पोचत. निवृत्त मास्तरानं हा अपमान किती सोसायचा? टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. त्याचा दाब वाढवून द्या, एवढंच माझं म्हणणं होतं. एक जण दाब रोखणाऱ्या झडपेला तार बांधून दहा मिनिटांत करून देतो म्हणाला होता, तेही मी सांगून बसलो.

भाऊंनी पाना खाली ठेवला. "बांधा मंग तार. अन् इंजिनाच्या तेराव्याले मले बलावजा."

मग प्रवचन. "हवा अन् डिझेल जोडीनं वाढवा लागते, गुरुजी. नुसतं डिझेल वाढवलं का काळा धूर. नुसती हवा वाढवली का टर्बो उगाच पयते. अन् दोनी वाढवले का गरमीवर डोया ठेवा लागते. आजाऱ्याले पहिल्याच दिवशी पुरणपोळी देता का तुमी?"

त्यांनी हवेच्या नळ्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधले, धुराच्या नळीवर उष्णतेचा काटा बसवला आणि हवेचा व डिझेलचा पेच पाव-पाव फेरा फिरवून तेही भिंतीवर खडूनं नोंदवलं. मग दर रविवारी ट्रायल, वजन केलेली सहा म्हातारी माणसं भरून. पोती का नाहीत, असं मी विचारलं.

"पोतं बोलत नाही. माणूस भ्याला का वरडते."

मी उष्णतेचा काटा वाचायचो. मागे बसलेले निवृत्त तलाठी धुराचा पंचनामा करायचे. "धूर काळसर, सौम्य, पंचांसमक्ष!" घाटमाथ्यावर टर्बो निवावा म्हणून इंजिन दोन मिनिटं नुसतं चालू ठेवून मग बंद करायचं. त्यानंतर भाऊ स्वतः तळलेली भजी वाटायचे.

तिसऱ्या रविवारी जीप अशी चढली की तलाठ्यांची टोपी मागे गेली. तरी भाऊ गाडी देईनात. "अजून पचू द्या." असे सहा रविवार झाले. मेव्हण्याच्या पोरीचं लग्न तोंडावर आलं आणि घरात फर्मान निघालं, "जीप आणा, नाहीतर तिथंच राहा."

मी तणतणत गेलो. भाऊ जेवत होते, एकटेच. भिंतीवर नजर गेली. तिसऱ्या रविवारनंतर पेचाची नोंदच नव्हती, नुसती आमची वजनं होती.

"भाऊ, गाडी झालीय ना?"

"कवाचीच झाली, गुरुजी." ते बराच वेळ हात पुसत राहिले. "घरवाली गेल्यापासून रविवार सरतच नाही हो. गाडी देली का तुमीबी जासान."

किल्ली त्यांनीच पुढे केली. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

लग्न झालं. सौभाग्यवती पूर्ण घाट बसून आल्या. सोमवारी सकाळी मी गॅरेजात हजर.

"भाऊ, दुसऱ्या गिअरात जरा खोकते."

भाऊंनी बॉनेट उघडलंही नाही. "रविवारी घाटात घेऊन पाहू," म्हणाले, आणि लगेच तलाठ्यांना फोन लावला.