वाकळीतल्या मालनबाई

मालनबाईंना मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्या दिसल्याच नाहीत. दिसली ती कॉटवरची एक जाडजूड वाकळ, आणि ती वाकळ कोल्ह्याच्या आवाजात बोलत होती.

साथीचे दिवस होते. शाळा बंद. मी नुकताच बेळगावच्या शाळेत बदलून आलो होतो. हेडमास्तरांनी हातात कागदांचा गठ्ठा दिला आणि म्हणाले, "वडगावात मालनबाईंच्या घरी नेऊन द्या." वडगाव म्हणजे विणकरांची वस्ती. गल्लीत पाय ठेवला की दोन्ही अंगांनी मागांचा खडखडाट सुरू होतो, आणि माणूस स्वतःशी बोलायचं झालं तरी ओरडून बोलतो. दार उघडंच होतं. मी कडी वाजवली. वाकळ एकदम गप्प झाली. मग आतून उसळली, आणि घामानं निथळणारी, केस विस्कटलेली, पन्नाशीची एक बाई मोबाइल छातीशी धरून बाहेर आली.

"कोण रं तू?"

"मी नंदगडचा. तुमच्या शाळेत नवीन आलोय. हे कागद..."

"कागद ऱ्हाऊ देत! रेकॉर्ड करूलालो न्हवं का मी? कोल्हा आत्ताच हिरीत पडलाता. आता परत पाडाय पाहिजे त्येला. बस थितं. आणि श्वास हळू घे."

मी बसलो. श्वास हळू घेतला. वाकळीखाली कोल्हा दुसऱ्यांदा विहिरीत पडला. बाहेर आल्यावर बाईंनी दोन्ही आवाज ऐकून पाहिले आणि निकाल दिला, "दुसऱ्यांदा लई कळवळून वरडलाय. बरं झालं कडी वाजवलीस."

तर अशा मालनबाई. मागांच्या गोंगाटात गोष्ट रेकॉर्ड करायची तर वाकळीला पर्याय नाही, हा शोध त्यांचा स्वतःचा. चार-पाच फोटो, त्यावर आपला आवाज, दोन-तीन मिनिटांची गोष्ट. ती मुलांच्या आईबापांच्या फोनवर जायची. बघता बघता त्या गोष्टी मच्छ्यापासून निपाणीपर्यंत फिरल्या. शाळा उघडल्यावर खात्याचं पत्र आलं, की बाईंनी आता शिक्षकांना शिकवावं. पत्रात 'डिजिटल स्टोरीटेलिंग' असं लिहिलं होतं. बाईंनी ते एकदा मोठ्यानं वाचलं आणि म्हणाल्या, "म्हंजे फोनातली गोष्ट. मग तसं लिवाय काय झालं होतं?"

आमच्या भागात बायकाही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. एकदा पुण्याहून आलेल्या एका तज्ज्ञ बाईंनी मालनबाईंना हळूच विचारलं, "तुम्ही स्वतःबद्दल पुल्लिंगी का बोलता?" मालनबाई म्हणाल्या, "कामाच्या घाईत व्याकरण कुठं बघत बसू?" तज्ज्ञ बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

ट्रेनिंगमध्ये मी त्यांचा मदतनीस झालो, म्हणजे एका खांद्यावर प्रोजेक्टर आणि दुसऱ्या खांद्यावर वाकळ. बेळगावच्या कॅम्प भागातल्या एका जुन्या शाळेचा हॉल मिळाला होता. पस्तीस-चाळीस मास्तर आणि बाया जमल्या की बाई हजेरी घ्यायच्या, ती गावाच्या नावानं. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, गावं राहत. "मच्छे, फोन खाली ठेवा. नंदगड, पंखा बंद कर. खानापूर, झोपू नका." सगळा जिल्हा समोर बाकावर बसलाय आणि बाई त्याला शिस्त लावतायत, असं वाटायचं.

त्यांचा एक नियम होता. नेटवरचं चित्र घ्यायचं नाही. मच्छ्याच्या मास्तरांनी 'आमचा गाव' अशी गोष्ट केली आणि पहिलंच चित्र लावलं बर्फाच्या डोंगराचं.

"ह्यो डोंगर मच्छ्यात कुठं हाय?"

"डोंगर नाही बाई. पण चित्र छान आहे."

"मग मच्छ्यात काय हाय?"

"कारखाने आहेत."

"मग कारखान्याचा भोंगा घ्या, शिफ्ट सुटल्यावर सायकली येत्यात त्या घ्या. पोरगं त्या सायकलीवरच्या माणसाला 'बाबा' म्हणतंय. बर्फाला कोण बाबा म्हणणार?"

दुसरा नियम आवाजाचा. खानापूरकडच्या एका तरुण बाईंनी गोष्ट वाचली ती थेट बातम्या दिल्यासारखी. मालनबाईंनी हात वर केला. "साकू, साकू!" साकू म्हणजे कानडीत पुरे. बाई वैतागल्या की कानडीत शिरतात. "तुज्या अंगात कोण शिरलंय गं? उसना आवाज नको. घरात लेकीला जेवाय कशी हाक मारतीस?"

ती लाजत म्हणाली, "वेदाऽ, ये गं, ताट वाढलंय."

"हां! ह्यो तुजा आवाज. आता ह्याच आवाजात राजाला हाक मार."

आणि मग एकेकाला वाकळीखाली जावं लागे. हॉलला लागून रस्ता, रस्त्यावर गाड्या; त्यामुळे सुटका नव्हती. चांगले चांगले पदवीधर, इन-शर्ट केलेले, चपला काढून टेबलाखाली शिरत आणि बाई वरून वाकळ टाकत. आत गेलेला माणूस आधी हसायचा, मग खोकायचा, मग गप्प व्हायचा, आणि मग बोलायला लागायचा.

एका ट्रेनिंगला खोत सर आले. निपाणीजवळच्या एका गावचे हेडमास्तर, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि खिशात बटणांचा फोन. तो फोन त्यांनी टेबलावर असा ठेवला की जणू सरदारानं तलवार ठेवली.

"निपाणी, उठा," बाई म्हणाल्या.

"मी निपाणीचा नाही. निपाणीपासून चार मैलांवरचा आहे."

"मग चार मैल चालत पुढं या."

हॉल हसला. सर हसले नाहीत. "बाई, मी तीस वर्षं खडूवर शिकवलंय. माझी मुलं कलेक्टर ऑफिसात आहेत, मिल्ट्रीत आहेत. मला हे खेळणं शिकवू नका." आणि पिशवी उचलून ते दाराकडे निघाले.

मला वाटलं, आता साकू-साकू होणार. पण बाई त्यांच्या मागोमाग गेल्या आणि त्यांच्या मानानं बऱ्याच हळू म्हणाल्या, "सर, खेळणं मी सांभाळतो. तुम्ही फक्त बोला. खडू हातात घ्यायच्या आधी तुम्ही कोण हुता, तेवढंच सांगा. मग खुशाल जावा."

सर दारातून मागे वळले. मग पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि टेबलाखाली शिरले. हेडमास्तर वाकळीखाली! मागच्या बाकावर खुसखुस सुरू झाली. मग सरांचा आवाज आला. तो सकाळचा आवाज नव्हता.

त्यांची आई निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत चाळणीवर कामाला होती. तिच्या लुगड्याला, केसांना, हातांना तंबाखूचा वास. ती त्यांना शाळेत पोचवायला आली की पोरं मुद्दाम शिंकायची. पहिलीतल्या खोत सरांनी तिला सांगितलं, "तू फाटकापत्तर येऊ नकोस." दुसऱ्या दिवसापासून ती वळणावरच थांबायला लागली. चौथीत सरांचा पहिला नंबर आला, गुरुजी म्हणाले आईला बोलाव, तर त्यांनी सांगितलं की ती आजारी आहे. "ती वळणावरच उभी होती," वाकळ म्हणाली. "मी हेडमास्तर झालो, तवा माझ्या शाळेला फाटक होतं, किल्ली माझ्या खिशात होती. आत न्यायला आई न्हवती."

सर बाहेर आले, केस विस्कटलेले, शर्टाची इस्त्री गेलेली. बाईंनी शाबासकी दिली नाही, फक्त पाण्याचा तांब्या पुढे केला.

आईचा फोटो एकही नव्हता. वखारीतल्या बाईचा फोटो कोण काढणार? म्हणून दुसऱ्या दिवशी बाई, खोत सर आणि मी एस.टी.नं निपाणीला गेलो. बाईंनी आपला मोबाइल सरांच्या हातात दिला. पहिले तीन फोटो सरांच्या अंगठ्याचे आले. चौथा वखारीच्या बंद दाराचा, पाचवा तंबाखूच्या ढिगाचा. शेवटी त्यांनी आपल्या लहानपणीच्या शाळेकडे जाणारं वळण काढलं, रिकामं. तो फोटो थोडा पुसट आला. मी म्हटलं, परत काढू. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी प्रोजेक्टर नसतानाही वाकलो.

खोत सरांनी ती गोष्ट आपल्या शाळेच्या पालकसभेत दाखवली. त्या गावात अजूनही पुष्कळ बायका तंबाखूच्या कामाला जातात. पालकसभेला बाप आत बसायचे आणि आया फाटकाबाहेरच थांबायच्या, अशी रीतच पडलेली. गोष्ट संपल्यावर सर स्वतः बाहेर गेले आणि एकेकीला हात जोडून आत घेऊन आले. पुढच्या महिन्यात त्यांचा फोन आला, तोही नव्या फोनवरून. बाईंनी स्पीकर लावला. "बाई, आज वर्गात पाय ठेवायला जागा न्हाय. आया आल्यात. पोरं त्यांच्या गोष्टी रेकॉर्ड करायला लागल्यात. वाकळ कमी पडत्याय."

आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवशी बेळगावी कुंद्याची मिठाई वाटली गेली. आमच्या शाळेची बाई! मी तर गावी जाऊन सांगितलं, की प्रोजेक्टर मीच उचलतो.

आणि मग खात्याच्या धारवाडच्या कचेरीतून पत्र आलं. मालनबाईंनी सहा महिने तिथे राहून, कर्नाटकातल्या मराठी शाळांसाठी नवे प्रशिक्षक तयार करावेत. एवढा मान आमच्या शाळेला कधी मिळाला नव्हता. बाईंनी पत्र वाचलं, घडी घातली आणि उलट लिहून दिलं, 'जमणार नाही.' कारण काही सांगेनात. हेडमास्तर रागावले. मीही मनातून रागावलोच होतो. "तुझं ऐकतील," म्हणून ते पत्र हातात देऊन हेडमास्तरांनी रविवारी दुपारी मला वडगावला पाठवलं.

इतक्या वर्षांत मी त्यांच्या पुढच्या खोलीच्या आत गेलो नव्हतो. त्या दिवशी तिथे कुणी नव्हतं. हाका मारल्या, पण मागांपुढे माझी हाक कुणाला ऐकू जाणार? म्हणून मागच्या सोप्याच्या दारापर्यंत गेलो आणि तिथेच थबकलो.

एक म्हातारी बाई चरख्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. तिच्यासमोर मालनबाई उभ्या होत्या, आणि तोंडातून अवाक्षर न काढता खोत सर झाल्या होत्या. टेबलावर फोन ठेवला. मान ताठ केली. दाराकडे निघाल्या. मग त्यांनी खांद्यावर काहीतरी जड उचललं, कंबर वाकवली आणि घाबऱ्या नजरेनं इकडेतिकडे बघत चालायला लागल्या. तो मी होतो. म्हातारीचे खांदे हसून हसून हलत होते. तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. तिनं बसल्या जागी आपल्याही खांद्यावर प्रोजेक्टर उचलला, वाकली, आणि माझ्याकडे बोट केलं.

"व्हय गं, ह्योच त्यो नंदगड," मालनबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "ही शेवंताक्का. माझी थोरली भण. लहानपणी तापात कान गेले."

"रोज असं सांगता?"

"रोज. कोण आलं, कोण रुसलं, कोण वाकळीखाली रडलं. न्हाय सांगितलं तर जेवत न्हाय." त्या चरख्याजवळ बसल्या. "सहा महिनं मी गेलो तर शेजारपाजारचे तिला जेवाय देतील रं. लई चांगले हाईत. पण दिवसभरात काय झालं, ते कोण सांगंल?"

मी खिशातून अर्धवट काढलेलं पत्र परत आत सारलं. पण शेवंताक्कांनी ते बघितलं होतं. हात पुढे करून त्यांनी ते मागून घेतलं, शिक्क्यावर बोट ठेवलं आणि बहिणीकडे पाहिलं. मालनबाईंना हातांनी सगळं सांगावं लागलं. ऐकून, म्हणजे बघून, शेवंताक्का अशा भडकल्या की चरख्याचा धागा तुटला. हातांनी त्या काय बोलल्या ते मला कळलं नाही. मालनबाई मात्र मान खाली घालून, वर्गात उभं केलेल्या पोरीसारख्या बसून राहिल्या.

"माझ्यापायी कशाला न्हाय म्हणालीस, म्हणत्याय. बाप गेला तवा ही अकरा वर्सांची, मी पाच," शेवटी त्या मला म्हणाल्या. "ही मागावर बसली म्हणून मी शाळेत बसलो."

सोमवारी मी हेडमास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी लगेच कागद ओढला. बसून एक लांबलचक पत्र लिहिलं. मग दुसरं. खात्याचं उत्तर यायला वेळ लागला, पण आलं. मालनबाई धारवाडला गेल्या नाहीत. ट्रेनिंगच बेळगावला आलं. बिदरकडचे, भालकीचे, कारवारचे मास्तर आणि बाया आमच्या हॉलमध्ये जमल्या. पहिल्या बाकावर, स्वतः विणलेली कोरी साडी नेसून शेवंताक्का बसल्या होत्या. मीच त्यांना रिक्षानं घेऊन आलो होतो.

ओळखी सुरू झाल्या. एकेकजण उठून आपलं नाव, आपली शाळा सांगत होता. पहिला बाक संपत आला, तशा शेवंताक्काही उठल्या. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी मालनबाईंकडे बोट दाखवलं. मग हवेत अक्षरं काढली. मग तो हात मिटून आपल्या छातीवर दोनदा ठोकला, आणि सगळ्या हॉलकडे बघत उभ्या राहिल्या.

"काय म्हणाल्या त्या?" भालकीच्या एका मास्तरांनी विचारलं.

सगळ्यांनी मालनबाईंकडे पाहिलं. बाईंनी टेबलावरची वाकळ उचलून तोंडाशी धरली. म्हणून मी उठलो.

"त्या म्हणतात," मी सांगितलं, "हिला शिकवलं ते मी."