चित्कलेचा हरवलेला राजा

"न्यायशास्त्र जिथे थकते, तिथे मी उभा राहतो," असे माझे थोरले बंधू श्रीकंठय्या, म्हणजे आमचे अण्णा, स्वतःविषयी सांगतात. तर्कशास्त्राच्या अध्यापनातून निवृत्त होऊन त्यांनी म्हैसुरात गुप्तहेरी पत्करली. मी त्यांची सहायक. म्हणजे त्यांनी विसरलेला चष्मा, छत्री आणि मुद्दा मागून घेऊन जाणारी. त्यांच्या विसरण्याला आमच्या घराण्यात प्रतिभा म्हणतात.

नवरात्राच्या पहिल्या दिवशी शेजारच्या गिरीशने आम्हांला बोलावले. नवरात्रात इथे घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, राजा-राणीची जोडी सर्वांत वर. त्याच्या मांडणीत वरच्या पायरीवर राणी एकटीच होती. त्याच्या बायकोला, चित्कलेला, लग्नात माहेरून मिळालेल्या जोडीतला चंदनी राजा बेपत्ता होता. आणि संध्याकाळी गल्लीतल्या बायका बाहुल्या बघायला येणार होत्या.

"मागे गॅस चालू राहिला, मग उत्तरपत्रिका रिक्षात राहिल्या, आज राजा," गिरीश अण्णांना म्हणाला. "मामा, हिला सांगा, कॉलेज सोड म्हणावं."

चित्कला रसायनशास्त्र शिकवी, आणि उत्तम शिकवी. ती खालमानेने म्हणाली, "दसरा झाला की राजीनामा देते."

"पहिल्यापासून आळशी!" तिची आई जयलक्षम्मा म्हणाली.

अण्णांनी भिंग काढले. "मूर्तितस्कर!"

"अण्णा, चांदीची समई ठेवून त्यांनी लाकूड नेलं?"

"म्हणूनच ते असामान्य आहेत. नाहीतर प्रियकर! राणी एकटी ठेवणं हा संकेत आहे."

"मामा," चित्कला म्हणाली, "मला रिक्षा कुठे थांबायला सांगितली ते आठवत नाही. प्रियकर कुठे ठेवला ते कसं आठवेल?"

मग अण्णा शनीपर्यंत पोहोचले. न्यायशास्त्र थकले होते. आपल्या नैयायिकांनी सत्य ठरवायची प्रमाणे चारच मानली. पाचवे कुणी लिहिलेच नाही, कारण त्याला पुरावा लागत नाही: बाईचीच चूक.

इतक्यात समोरच्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. नागरत्ना हळदीकुंकवाला आल्या. संध्याकाळी त्यांचा दवाखाना असे, म्हणून त्या लवकर आल्या होत्या.

"राजा हातात होता तेव्हा काय चाललं होतं?" त्यांनी सहज विचारले.

"त्याला जरीचं वस्त्र नेसवत होते. कुकर झाला. तो उतरवताना फोन वाजला. बोलता बोलता उसळीला खोबरं काढायला फ्रिज..."

चित्कला थांबली. जयलक्षम्मांनी फ्रिज उघडला. महाराज कोथिंबिरीवर पहुडले होते.

"वातानुकूलित अपहरण," अण्णा पुटपुटले.

"अशा मुली शाळेत खिडकीबाहेर बघत गप्प बसतात," डॉक्टर म्हणाल्या. "मुलगे बाकावरून उड्या मारतात म्हणून लवकर सापडतात. अवधानाचा दोष असेल, याला एडीएचडी म्हणतात. पण फ्रिजवरून निदान होत नसतं, चित्कला. झोप, थायरॉईड, मन, सगळं तपासू. लहानपणचंही विचारायचंय, तेव्हा आईला घेऊन ये. आणि राजीनामा तोवर राहू दे."

दसऱ्यानंतर मायलेकी गिरीशबरोबर दवाखान्यात गेल्या. अण्णा 'निरीक्षक' म्हणून, मी छत्री घेऊन. तपासण्यांअंती निदान तेच निघाले. औषध होते, उपाय होते, आणि चित्कलेच्या डोळ्यांत पाणी. "म्हणजे मी आळशी नव्हते?"

"आळशी बाई इतकी दमत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

गिरीशने घसा खाकरला. "राजीनाम्याचं... मी बोललोच नव्हतो असं समज."

"मी विसरेनच," चित्कला म्हणाली. "तुम्ही लक्षात ठेवा."

जयलक्षम्मा मात्र खुर्चीतून उठेनात. लेकीच्या बालपणाची साक्ष त्यांनीच दिली होती: अर्धी वेणी, हरवलेले डबे, अपुरी राहिलेली वीणेची शिकवणी. त्यातली वीणा लेकीची नव्हती, स्वतःची होती, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आले असावे.

"डॉक्टर," पदराचे टोक बोटाला गुंडाळत त्यांनी हळूच विचारले, "सत्तरीतही तपासतात का हो?"