प्रमाणित तोल

इजिप्तमधल्या दहबच्या खाडीत नवशिका माणूस फळीवर उभा राहिला, की पाण्यात पडतो. यात पडणाऱ्याचा दोष नसतो, फळीचा नसतो आणि शासनाचा तर नसतोच. उभ्याने वल्हवायची फळी ही वस्तूच अशी आहे, की तिच्यावर उभं राहायला शिकण्यासाठी आधी तिच्यावर उभं राहता यावं लागतं. साबरी हा गृहस्थ लोकांना हे शिकवत असे. म्हणजे दिवसभर लोकांना पाण्यातून बाहेर काढत असे.

गिऱ्हाइकं पडली तर त्याला विशेष काही वाटत नसे. पण हज करून आलेली त्याची आई, हज्जा इन्साफ, सुएझहून त्याच्याकडे कायमची राहायला आली आणि पंचाईत झाली. बाईंचा उभा जन्म समुद्रकाठी गेला होता. समुद्र मात्र त्यांनी काठावरूनच पाहिला होता. एका सकाळी उसळीत भाकरी बुडवता बुडवता त्या म्हणाल्या, "त्या पलीकडच्या प्रवाळखडकापर्यंत मला एकदा जायचंय. उभ्याने. बसून नाही. बसून माणसं दवाखान्यात जातात."

"आई, तुझे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत, त्यांचं मी बघते. तू फळीचं बघ."

साबरी कामाला लागला. फळीच्या मागच्या भागावर त्याने एक आडवी नळी बांधली आणि तिच्या दोन्ही टोकांना जाळ्याला लावतात तसले तरंगे लटकवले. पहिल्या खेपेला तरंगे पाण्यातच राहिले आणि फळी डबक्यात बसलेल्या म्हशीसारखी जागची हलेना. मग त्याने ते जरासे वर उचलले. आता फळी सरळ असली की दोन्ही तरंगे हवेत. कलली की त्या बाजूचा तरंगा पाण्याला टेकून तिला सावरणार. माणसाला कलू द्यायचं, पडू द्यायचं नाही, एवढंच त्यातलं मर्म. आई आता खडकापर्यंत जाणार म्हणून साबरीला इतका आनंद झाला, की त्या भरात त्याने रीतसर परवानगी मागितली.

अर्जात साधनाचं नाव त्याने लिहिलं 'मीझान'. अरबीत मीझान म्हणजे समतोल. तराजूलाही मीझानच म्हणतात. अर्ज वजनमापे खात्यात गेला.

खात्याचे निरीक्षक उस्ताज फिक्री पितळी वजनांची पेटी घेऊन किनाऱ्यावर हजर झाले. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून ते पाण्यात उतरले.

"याची पारडी कुठली?"

"पारडी नाहीत, उस्ताज. तरंगे आहेत."

"दोन आहेत, एका दांडीला लटकलेत, समोरासमोर आहेत. आमच्याकडे याला पारडी म्हणतात."

त्यांनी दोन्ही तरंग्यांवर सारखी वजनं ठेवली. तेवढ्यात लाट आली. डावं खाली गेलं, उजवं वर आलं. फिक्रींचा चेहरा उतरला.

"सारख्या वजनाला कमीजास्त दाखवतोय. बाजारात अशाने माणूस आत जातो."

"अहो, लाट आली म्हणून!"

फिक्रींनी बराच वेळ लाटांची पाहणी केली. "समुद्र प्रमाणित नाही," ते म्हणाले. "चाचणी जमिनीवर होईल."

साबरीने नाव बदलायची तयारी दाखवली. कुबडी म्हणतो, पांगुळगाडा म्हणतो, तुम्ही म्हणाल ते म्हणतो.

"तुम्ही बदलाल हो, बाशमुहंदिस," फिक्री मायेने म्हणाले. (तिकडे ज्याला काय म्हणावं ते कळत नाही, त्याला मोठे इंजिनिअर म्हणतात.) "पण मग बिनतपासणीचा तराजू बाळगल्याचा गुन्हा कुणाच्या नावावर घालायचा? मालेश. झालं ते झालं. मीझान आहे, तर मीझानच राहू दे."

जमिनीवर वाळू सरकली, म्हणून सिमेंटचा ओटा बांधला. ओट्यावर फळी डुगडुगली, म्हणून ती बोल्टने आवळली. एवढं करूनही तरंगे अधांतरीच होते, आणि अधांतरी पारडं नियमात बसत नव्हतं, म्हणून खालची फट सिमेंटने बुजवली. वजनं पुन्हा ठेवली. काहीही हललं नाही. फिक्रींनी समाधानाने शिशाचं सील ठोकलं आणि कागदावर सरकारी गरुडाचा शिक्का उमटवला.

"सील तुटलं की तपासणी रद्द," त्यांनी बजावलं.

"मग हे पाण्यात न्यायचं कसं?"

"पाण्यात? तपासलेला तराजू कुणी पाण्यात घालतं का? गंज चढेल की."

पुढे अहवाल आला. मीझानवरून आजवर एकही माणूस पडलेला नव्हता. असं यश खाडीच्या इतिहासात कुणालाच मिळालं नव्हतं, त्यामुळे सगळ्याच फळ्यांना हे साधन सक्तीचं झालं. किनाऱ्यावर ओट्यांची रांग लागली. बुडण्याची भीती साफ संपली. साबरीला तोल-सल्लागार नेमून त्याच्या गळ्यात हार घालण्यात आला आणि त्याला रडू फुटलं. लोकांना ते आनंदाश्रू वाटले.

उद्घाटनाला पहिला मान अर्थात हज्जा इन्साफ यांचा. त्या ठेवणीतला निळा अंगरखा घालून आल्या.

"आई, नको चढूस," साबरी कानात म्हणाला. "हे ते नाही."

त्या चढल्या. हातात वल्हं आलं. वाऱ्यात दोनदा मारून पाहिलं. "पोरा, चुलीपुढेसुद्धा मी इतकी स्थिर उभी नसते रे," त्या म्हणाल्या. लोकांनी टाळ्या पिटल्या. ओटा दिसू नये म्हणून फिक्री वाळूत पालथे पडले आणि त्यांनी फोन रोखला. मागे निळंशार पाणी, त्यामागे खडक.

"हज्जा, जरा वाका. दमल्यासारखं करा."

हज्जा दमल्या.

संध्याकाळपर्यंत फोटो सुएझला पोचला, तिथून कुवेतच्या भाच्यांकडे. दुआ आल्या, फुलं आली, लाल हृदयं आली. साबरीला मात्र घास गोड लागेना. त्याने गुपचूप नवी नळी बांधली, नवे तरंगे लावले, सील नाही, शिक्का नाही, आणि एके पहाटे आईला हलवून उठवलं.

"चल. किनाऱ्यावर कुणी नाही. खडकापर्यंत नेतो तुला."

"कशाला? जाऊन आले ना मी."

"आई, तू सिमेंटवर उभी होतीस."

"गप बस. सुएझच्या तुझ्या मावशीला विचार, मी कुठवर गेले होते ते. तिने डोळ्यांनी पाहिलंय." आणि त्या उशाचा फोन घेऊन रात्रीतून आणखी कुणाकुणाला आवडलं ते बघायला लागल्या. साबरी पाण्याशी जाऊन फळीची नवी नळी सोडवत बसला. आई सुएझला होती तेव्हाही त्याला ती इतकी लांब वाटली नव्हती.

तो फोटो अजून फिरतो आहे. तुमच्याकडेही आला होता. निळ्या अंगरख्यातली म्हातारी, थोडी वाकलेली, मागे तांबडा समुद्र. 'या वयात ही जिद्द!' असं लिहून तुम्ही तो घरच्या ग्रुपवर पुढे ढकललात. वल्हं ठणठणीत कोरडं आहे, हे त्यात स्पष्ट दिसतं.