एकशे तेरावा साग

सकाळी सहाला, हर्सूलच्या तुरुंगाजवळच्या घरी, विशाखानं चहाचा कप तोंडाला लावला आणि फोनवर कचरूमामांनी पाठवलेला झाडाचा फोटो आला. खाली लिहिलेलं, 'ताई, खूण केली. काळजी नसावी.'

सिल्लोडपलीकडच्या जंगलात साग तोडायचे होते. त्याआधी तिथल्या रानपिंगळ्यांची, या दुर्मीळ घुबडांची, पाहणी विशाखाकडे होती. कालच एका सागाच्या ढोलीत पिल्लं दिसली आणि घाईत निघताना ती म्हणाली, "मामा, ह्या झाडावर तेवढी खूण करून ठेवा."

मामा तीस वर्षं वनमजूर. त्यांना खूण एकच ठाऊक. त्यांनी साल तासली, गेरूचा लाल पट्टा ओढला, वर सुबक आकडा घातला. ११३.

तिनं फोन लावला. "मामा, ही तर तोडायची खूण!"

"व्हय की वो ताई. हात सवयीनं चालला."

"पुसा मग!"

"तासलेली साल कशी चिकटवू? तुमी या बिगीबिगी. मुकादम आलाय. शेवटच्या नंबरापासून कापतो म्हनतोय, ट्रक तिथंच लागतो."

चहा तसाच राहिला. दीड तास स्कूटी पिटाळून ती पोहोचली, तेव्हा साहेबराव मुकादमाचा माणूस यांत्रिक करवतीची दोरी ओढत होता.

"थांबा! खूण चुकून झालीय. वर पिल्लं आहेत."

"पाखराचं हापिसातून लिहून आना," साहेबराव म्हणाला. "आपन लाल पट्टा बगतो."

"ऑफिस दहाला उघडतं हो!"

"मंग दहाला या."

करवत गुरगुरली. ढोलीतून एक गोल डोकं बाहेर आलं आणि रागानं खाली बघू लागलं. विशाखा झाडाला पाठ लावून उभी राहिली.

"साहेबराव," कचरूमामा हळूच म्हणाले, "तुमच्या कागदावर झाडं किती?"

"एकशे बारा."

"आन् ह्यो कितवा?"

साहेबरावानं आकडा वाचला. कागद वाचला. हात वर केला, करवत थांबली. "एक जास्तीचं कापलं तर मला आत टाकतील की!"

"हर्सूललाच," विशाखा प्रेमानं म्हणाली. "माझ्या घराजवळ."

"ठीकाय, हे सोडून बाकीची कापतो."

"कापा," मामा म्हणाले. "पर एक नंबर फाजील निघाला, म्हंजे मधी कुठं काय घसरलं, कोन सांगावं?"

साहेबराव मटकन खाली बसला. "फेरमोजणी? कोन करनार?"

"मीच. तीस वर्षं मीच करतो."

"किती दिवस लागतील?"

मामांनी ढोलीकडं पाहिलं, मग विशाखाच्या कानाशी वाकले. "ताई, पिल्लं उडायला किती लागतं?"

"महिना."

मामा सावकाश वळले. डोक्यावरची टोपी नीट केली.

"महिना लागंल," ते म्हणाले. "काम चोख पाहिजे ना."